टिक झाली, पण व्यायाम झाला का? गुडघ्याच्या ॲपच्या प्रकल्प नोंदी

५ जानेवारी

नवीन काम सुरू झालं. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या पेशंटसाठी ॲप करायचंय, घरी गेल्यावर रोजच्या व्यायामाची आठवण करणारं, आणि व्यायाम केला की त्यावर टिक करायची. अडचण फिजिओ मॅडमनी पहिल्याच कॉलवर सांगितली, हॉस्पिटलमध्ये आहेत तोवर सगळे नीट करतात, घरी पहिला आठवडा उत्साहात जातो आणि मग आज दुखतंय, उद्या करू, असं करत करत सुटतं, आणि गुडघा मोकळा व्हायचे दिवस नेमके तेच असतात.

ब्रीफबरोबर एक शीट आली. त्यात कॉग्निटिव्ह बायसची यादी, म्हणजे विचार करताना आपलं मन ज्या ठरलेल्या वाटांनी घसरतं त्या सगळ्यांची नावं, आणि प्रत्येकापुढे रिकामा कॉलम, "ॲपमध्ये कुठे वापरू शकतो?" मला ते वाचून बरं नाही वाटलं. आपण औषधाची नावं हातात घेऊन पेशंट शोधायला निघालोय असं झालं हे. म्हणून मी त्या शीटला अजून एक कॉलम जोडला, "यात पेशंटचं काय भलं?" आणि या नोंदींसाठी एक नियम ठरवला, आधी माणूस काय करताना दिसला ते लिहायचं, बायसचं नाव त्यानंतर. नाव आधी सापडलं की माणूस बघणं थांबतं, हे मागच्या दोन प्रोजेक्टात झालेलं आहे.

८ जानेवारी

फिजिओ मॅडमकडे दिवसभर बसले. त्या पेशंटला छापील कागद देतात, त्यावर लिहिलंय "मांडी आवळणे १० x ३". एक काका कागद घेऊन निघाले तेव्हा मी सहज विचारलं, काका घरी किती वेळा करणार? ते म्हणाले दहा वेळा, तीन दिवस.

मॅडमना सांगितलं तर त्यांना खरंच धक्का बसला. त्यांच्यासाठी "दहाचे तीन सेट" हे इतकं उघड आहे की दुसरा अर्थ निघू शकतो हेच डोक्यात येत नाही. याला ज्ञानाचा शाप म्हणतात, आणि यावरचा एलिझाबेथ न्यूटनचा १९९० चा स्टॅनफर्डमधला प्रयोग मला फार आवडतो. काही जणांनी ओळखीच्या गाण्याचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्याने गाणं ओळखायचं. वाजवणाऱ्यांना वाटत होतं निम्मी तरी ओळखतील, प्रत्यक्षात १२० पैकी ३ ओळखली गेली. वाजवणाऱ्याच्या डोक्यात आख्खं गाणं चालू असतं, ऐकणाऱ्याला फक्त टकटक ऐकू येते. आपल्या ॲपमधला "सेट", "रेप्स", "होल्ड" हा प्रत्येक शब्द अशीच टकटक आहे.

ठरलं: गुणाकाराचं चिन्ह कुठेही नाही. स्क्रीनवर मोठा आकडा, एकदा मांडी आवळली की पाच मोजून सोडायची, आकडा एकने पुढे. दहा झाले की "थोडं थांबा", मग पुन्हा. किती सेट झाले ते पेशंटने लक्षात ठेवायचंच नाही.

१२ जानेवारी

सहा जणांबरोबर पहिली टेस्ट. होम स्क्रीनचे दोन प्रकार दाखवले, एक निळा यादीवाला, दुसरा एका वेळी एकच व्यायाम दाखवणारा. पहिल्या तिघांनी दुसरा निवडला आणि कारणंही छान दिली, "सुटसुटीत आहे", "डोळ्यांना बरं वाटतं". मी खूश. मग रिसर्च बघणाऱ्या सहकारीने हळूच विचारलं, तू तिघांनाही त्याच क्रमाने दाखवलंस का? हो, दाखवलं होतं. पुढच्या तिघांना क्रम उलटा केला तर त्यातल्या दोघांनी यादीवाला निवडला, जो आता शेवटी येत होता, आणि त्यांचीही कारणं तितकीच छान. एका मावशींचं तर शब्दाला शब्द तेच, "सुटसुटीत आहे".

सहा जणांवरून क्रमाचाच परिणाम होता असं छातीठोक म्हणता येणार नाही, पण त्या कारणांवर तरी आता मी विसंबणार नाही. १९७७ मध्ये निस्बेट आणि विल्सन यांनी लिहिलेला अनुभव हाच होता, लोकांपुढे पायमोज्यांचे चार जोड मांडले, चारही अगदी एकसारखे, आणि सगळ्यात उजवीकडचा जोड सगळ्यात डावीकडच्यापेक्षा जवळपास चौपट वेळा निवडला गेला. का निवडला विचारल्यावर जागेचं नाव कोणीच काढलं नाही, जागेमुळे असेल का असं सरळ विचारलं तरी बहुतेक सगळे नाही म्हणाले. लोक खोटं बोलत नव्हते. आपण का निवडलं हे आपल्याला आतून दिसत नाही, तेव्हा आपण पटेल असं कारण तयार करतो आणि तेच आपलं खरं कारण समजतो.

म्हणून आता "कुठला आवडला?" हा प्रश्न बंद. फोन हातात द्यायचा, "पहिला व्यायाम सुरू करा" म्हणायचं आणि गप्प बसून अंगठा कुठे जातो ते बघायचं. आज बघितलं त्यात यादीवाल्या स्क्रीनवर चार जणांचा अंगठा आधी हवेतच फिरला. मला हे त्या सगळ्या कारणांपेक्षा जास्त मोलाचं वाटलं.

१५ जानेवारी

आज फक्त डिफॉल्टवर काम, म्हणजे ॲपने आधीच भरून ठेवलेल्या पर्यायांवर. रिमाइंडर सकाळी ९ ला लावून ठेवला होता आणि टेस्टमध्ये एकानेही तो बदलला नाही, एका ताईंनी तर स्वतः सांगितलं की मी त्या वेळी कधीच मोकळी नसते, तरीही "पुढे" दाबून निघून गेल्या. आधीच भरलेली गोष्ट म्हणजे कोणीतरी जाणकाराने विचार करून भरली असणार असं वाटतं, शिवाय बदलायला कष्ट पडतात ते वेगळंच.

डिफॉल्टचं सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण अवयवदानाचं आहे, जॉन्सन आणि गोल्डस्टीन, २००३. ऑस्ट्रियात नकार कळवला नाही तर संमती धरली जायची, तिथे संमती ९९.९८ टक्के, शेजारच्या जर्मनीत स्वतःहून होकार द्यावा लागायचा, तिथे १२ टक्के. हे आकडे प्रत्येक प्रेझेंटेशनमध्ये येतात, पण त्याच अभ्यासातली दुसरी गोष्ट येत नाही, की प्रत्यक्ष दानात देशादेशांतला फरक इतका मोठा नव्हता. कागदावरची संमती आणि प्रत्यक्ष झालेलं दान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, मधे घरचे असतात, हॉस्पिटलची यंत्रणा असते. हे मी ठळक करून ठेवतेय कारण आपल्याकडेही टिक आणि व्यायाम या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

ठरलं: रिमाइंडरची वेळ रिकामी ठेवायची आणि "दिवसात तुम्ही कधी निवांत असता?" असं विचारून चार मोठी बटणं द्यायची. घरच्यांना माहिती पाठवायचा पर्याय बंद असेल, ज्याला हवा तो चालू करेल. यावर थोडा वाद झाला, चालू ठेवला तर जास्त घरं जोडली जातील असं एकाचं म्हणणं होतं. मी म्हटलं जोडली जातील, पण त्यांनी जोडलेली नसतील. युरोपियन युनियनच्या न्यायालयाने १ ऑक्टोबर २०१९ ला वेबसाइटवरच्या कुकीजबद्दल हेच ठरवलं होतं, आधीच टिक केलेल्या चौकटीला संमती म्हणता येत नाही. आपल्या ॲपमध्ये तर माणसाच्या दुखण्याची माहिती आहे.

१९ जानेवारी

छोटी नोंद. मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणालं मेनूत सातच गोष्टी ठेवा, माणसाच्या डोक्यात सात मावतात. हा सातचा आकडा मानसशास्त्रज्ञ मिलरचा, पण त्याचा १९५६ चा लेख ऐकलेल्या गोष्टी लगेच आठवून सांगण्याबद्दल होता (आणि २००१ मध्ये कोवनने तर तो आकडा चारच्या आसपास आणला), समोर दिसणाऱ्या मेनूला तो लागू कसा होईल, मेनू कोणी पाठ करत नाही. आपल्याकडे एका वेळी एकच व्यायाम दिसतो त्याचं कारण वेगळं आहे, पेशंट आडवा पडलेला असतो, फोन एका हातात असतो आणि लक्ष गुडघ्यावर असतं.

२३ जानेवारी

पहिल्या दिवशी स्क्रीन रिकामी दिसते, ४२ गोल, सगळे पोकळ. टेस्टमधल्या एका काकांनी ते बघून फोन मांडीवर ठेवला आणि एक मोठा श्वास सोडला. बोलले काहीच नाहीत.

नून्स आणि ड्रेझ यांचा २००६ चा कार वॉशचा प्रयोग आठवला. काही गिऱ्हाइकांना आठ शिक्के लागणारं कार्ड दिलं, काहींना दहा शिक्क्यांचं पण त्यातले दोन आधीच मारलेले. दोघांनाही आठच फेऱ्या मारायच्या, तरी पहिल्या गटातल्या १९ टक्के लोकांनी कार्ड पूर्ण केलं आणि दुसऱ्यातल्या ३४ टक्के. सुरुवात झालेली दिसली की माणूस पुढे जातो.

आपणही दोन फुकटचे गोल भरून देऊ असं डेव्हलपर म्हणाला. मला ते खोटे गोल नको होते. मग मॅडमना फोन केला आणि त्या म्हणाल्या, अगं फुकटचे कशाला, ऑपरेशननंतर आम्ही पलंगावरच घोटा वर-खाली करून घेतो, दुसऱ्या दिवशी वॉकर धरून उभं करतो, ते काय व्यायाम नाहीत का? म्हणजे गोल खरोखरच भरलेले होते, आपणच ते पोकळ दाखवत होतो. आता घरी आल्यावर पहिली स्क्रीन म्हणते "हॉस्पिटलमध्ये तुम्ही हे केलंत" आणि तेवढे गोल भरलेले दिसतात. ही माझी या प्रोजेक्टमधली सगळ्यात आवडती स्क्रीन आहे.

२ फेब्रुवारी

पायलट, म्हणजे खऱ्या पेशंटबरोबरची चाचणी, सुरू. त्यात "माळ" टाकली आहे, म्हणजे स्ट्रीक. रोज सगळे व्यायाम टिक केले की माळेत एक मणी वाढतो, एक दिवस चुकला की माळ तुटते आणि मणी घरंगळत खाली जातात, ॲनिमेशन सुंदर झालंय, तीन आठवडे लागले त्याला. मागचा विचार तोटा टाळण्याचा, काहनेमन आणि ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये मांडलेला. मिळालेल्या गोष्टीच्या आनंदापेक्षा तेवढीच गोष्ट गमावल्याचं दुःख जास्त बोचतं, १९९२ च्या त्यांच्या हिशोबात साधारण सव्वादोन पट. नवा मणी मिळवायला उठणार नाही असा माणूस असलेली माळ तुटू नये म्हणून उठेल, हा आमचा अंदाज.

शीटमधल्या "यात पेशंटचं काय भलं?" या कॉलममध्ये मी "व्यायाम चुकणार नाही" एवढं लिहिलं आणि पुढे गेले.

१६ फेब्रुवारी

दोन आठवड्यांचा ग्राफ आला. टिकची रेघ वर. ग्रुपवर अभिनंदनाचे मेसेज, वरून आलेल्या मेलमध्ये "माळ हे फीचर बाकीच्या प्रोजेक्टमध्येही घ्या". मलाही खूप आनंद झाला, आणि संध्याकाळी घरी जाताना काहीतरी टोचत राहिलं. आम्ही सगळ्यांनी एकच गोष्ट बघितली होती, जी आम्हाला बघायची होती.

पीटर वेसनचा १९६० चा प्रयोग असा होता, २, ४, ६ हे आकडे एका नियमात बसतात, तुम्ही हवे तेवढे तिनाचे गट सुचवा, मी बसतात की नाही ते सांगेन, त्यावरून नियम ओळखा. लोक ८, १०, १२ सुचवायचे, होकार मिळायचा, २०, २२, २४ सुचवायचे, परत होकार, आणि मग ठामपणे सांगायचे की दोनने वाढणारे आकडे. नियम फक्त "चढत्या क्रमाने" एवढाच होता. १, २, ३ विचारून बघितलं असतं तर लगेच कळलं असतं, पण आपला अंदाज मोडू शकेल असा गट फार थोड्यांना सुचला.

तर आपला १, २, ३ कुठला? टिक खोट्या असतील तर डेटात काय दिसेल? दोन टिकांमधलं अंतर. मांडी आवळण्याचा व्यायामच घ्या, पाच सेकंद आवळायचं, दहा वेळा, म्हणजे एका सेटलाच जवळपास मिनिटभर हवं. रात्री बसून टाइमस्टॅम्प, म्हणजे कुठली टिक नेमकी कधी झाली त्या वेळा, काढले.

एका पेशंटचे पाचही व्यायाम रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी टिक झालेत. पाचही मिळून नऊ सेकंदात. आदल्या दिवशीही तसंच, त्याच्या आदल्या दिवशीही. माळ अखंड.

१८ फेब्रुवारी

काल बाकीच्यांचे टाइमस्टॅम्प बघितले, अशा अजून बऱ्याच जणांच्या टिका निघाल्या, बहुतेक सगळ्या बारा वाजायच्या आधीच्या अर्ध्या तासातल्या. आज मॅडमना बरोबर घेऊन त्या पहिल्या पेशंटला फोन केला. मावशी आहेत, साठीच्या पुढच्या. सुरुवातीला म्हणाल्या सगळं छान चाललंय, ॲप फार छान आहे. मी रागावायला फोन केला नाहीये हे दोनदा सांगितल्यावर हळूहळू बोलायला लागल्या. गुडघा चार दिवसांपासून सुजलाय, वाकवला की कळ येते, म्हणून व्यायाम होत नाही. मग टिक का केलंत विचारलं तर म्हणाल्या, "अहो एवढे दिवस धरून ठेवलेली माळ, तुटली तर मॅडमना काय वाटेल?"

मॅडम माझ्या शेजारी बसून हे ऐकत होत्या. त्यांनी त्यांच्या लॅपटॉपवर मावशींचं पान उघडून माझ्याकडे वळवलं. सगळं हिरवं. आणि सगळं हिरवं आहे म्हणून त्यांनी परवाच मावशींचे व्यायाम दहावरून पंधरावर नेले होते.

यावर मी काय लिहू. सुजलेल्या गुडघ्याला व्यायाम कमी करायची वेळ होती तेव्हा आमच्या स्क्रीनने तो वाढवायला सांगितला. मावशींना आजच तपासायला बोलावून घेतलं, सूज आटोक्यात आहे, काळजीचं कारण नाही असं संध्याकाळी कळलं. तोपर्यंत माझं कशात लक्ष लागलं नाही.

२ फेब्रुवारीला लिहिलेलं "व्यायाम चुकणार नाही" हे आता खोडते. माळेने सवय लावली ती बटण दाबायची. तोटा टाळायची ओढ खरीच निघाली, अंदाज अगदी बरोबर आला, फक्त मावशी जे गमवायला घाबरत होत्या ते आमच्या मण्यांमधलं होतं आणि गुडघा त्या हिशोबात नव्हताच.

१९ फेब्रुवारी

मीटिंग लांबली. माळ काढायची असं मी म्हटल्यावर पहिला प्रश्न ॲनिमेशनचा आला, तीन आठवड्यांचं काम आहे. प्रश्न विचारणाऱ्यावर माझा राग नाही, त्याने ते मणी एकेक करून बनवलेत. पण गेलेले तीन आठवडे माळ ठेवली काय आणि काढली काय, परत येत नाहीत. आर्केस आणि ब्लूमर यांच्या १९८५ च्या अभ्यासात नाटकांच्या सीझन तिकिटांना ज्यांना सूट मिळाली नव्हती ते लोक सीझनच्या पहिल्या अर्ध्या भागात जास्त नाटकांना गेले, नाटकं तीच होती. आम्हीही झालेल्या खर्चासाठी खेळ चालू ठेवणार होतो.

मधला पर्याय म्हणून आठवड्यातून एक सुट्टी देऊ असं निघालं, माळ मग तुटणार नाही. मॅडमनी तो एका वाक्यात संपवला, "सूज काय आठवड्यातून एकच दिवस येते का?"

शेवटी ठरलं ते असं. माळ नाही. प्रत्येक व्यायामाखाली तीन बटणं, "केला", "थोडा केला" आणि तिसरं दुखण्याचं. तिन्ही एकाच आकाराची, एकाच रंगाची, कुठलंही हिरवं किंवा लाल नाही. तिन्हींपैकी काहीही दाबलं तरी दिवसाचा गोल भरतो, कारण आम्हाला हवी आहे ती खबर. आणि मॅडमच्या पानावर दुखण्याची नोंद सगळ्यात वर.

२४ फेब्रुवारी

तिसऱ्या बटणावर काय लिहायचं यात दोन दिवस गेले आणि मला ते दोन दिवस वाया गेले असं अजिबात वाटत नाही. पहिलं होतं "नाही केला". टेस्टमधल्या एक ताई ते वाचून म्हणाल्या, शाळेत हजेरी घेतल्यासारखं वाटतं. मग "आज थांबले" लिहिलं, ते बायकांपुरतं झालं, पुरुषांना "थांबलो" लागेल, आणि "थांबलो/थांबले" अशी तिरकी रेघ दिली की ते सरकारी अर्जासारखं दिसतं. "केला" मध्ये हा प्रश्नच येत नाही कारण तिथे क्रियापद व्यायामामागे जातं, करणाऱ्यामागे जात नाही. "जमलं नाही" छान वाटलं होतं, पण त्यात परत माणूस कमी पडल्याचा सूर येतो.

शेवटी "आज दुखतंय". दुखतंय तो गुडघा, माणसाचा त्यात दोष नाही, बाईमाणूस बाप्यामाणूस दोघांनाही चालतं, आणि फिजिओसमोर बसल्यावर पेशंट पहिलं वाक्य हेच बोलतो.

२७ फेब्रुवारी

"आज दुखतंय" दाबलं की किती दुखतंय ते विचारायचं, शून्य ते दहा. स्लायडर केला होता आणि त्याचा गोळा सुरुवातीला पाचवर उभा. पहिल्याच तीन जणांचं उत्तर चार, पाच, सहा. मी गोळा दोनवर ठेवून बघितला, पुढच्या दोघांनी दोन आणि तीन सांगितलं.

अँकरिंग, म्हणजे आधी दिसलेल्या आकड्याच्या खुंटीला आपला अंदाज बांधला जाणं, इतकं उघड्यावर क्वचित दिसतं. ट्वर्स्की आणि काहनेमन यांच्या १९७४ च्या लेखात एक चक्र फिरवायचे, ते ठरवून १० किंवा ६५ वर थांबायचं, आणि मग विचारायचे संयुक्त राष्ट्रांत आफ्रिकेतल्या देशांचा वाटा किती टक्के. ज्यांना १० दिसला त्यांचा मधला अंदाज २५, ज्यांना ६५ दिसला त्यांचा ४५. चक्राचा देशांशी काहीही संबंध नव्हता. आमच्या गोळ्याचाही कोणाच्या गुडघ्याशी संबंध नव्हता, पण तो आकडा पुढे मॅडम वाचणार आणि त्यावरून व्यायाम ठरवणार.

गोळा काढला. आता अकरा वेगवेगळी बटणं आहेत, शून्यापासून दहापर्यंत, आधी कुठलंच निवडलेलं नाही. "काल तुम्ही ४ सांगितलं होतं" ही ओळ पण काढली, सोयीची वाटली होती, पण तीही खुंटीच. कालचा आकडा मॅडमना दिसेल, पेशंटला आज आजचंच विचारायचं.

त्याच स्क्रीनवर "नक्की पाठवायचं?" असा प्रश्न होता. कोणी वाचत नव्हतं, अंगठा सवयीने "हो" वर. तो काढून त्याजागी उत्तर बदलायचं "बदला" हे बटण ठेवलं, ते दहा मिनिटं राहतं.

३ मार्च

व्यायामांचा क्रम. आत्तापर्यंत सोपा आधी, अवघड शेवटी, गुडघा वाकवून टाच मागे सरकवायची तो अगदी शेवटी, आणि तो सगळ्यात जास्त दुखतो. म्हणजे पेशंट दुखऱ्या गुडघ्यानिशी फोन खाली ठेवतो आणि उद्या रिमाइंडर वाजला की त्याला तेच आठवतं.

१९९३ मध्ये काहनेमन आणि सहकाऱ्यांनी लोकांना एकदा १४ अंशांच्या गार पाण्यात एक मिनिट हात ठेवायला लावला, आणि एकदा तेच एक मिनिट, शिवाय वर तीस सेकंद, ज्यात पाणी हळूहळू १५ अंशांपर्यंत किंचित कमी गार होत जायचं. परत कुठलं कराल विचारल्यावर ३२ पैकी २२ जणांनी लांबलेलं निवडलं. एकूण त्रास जास्त, पण शेवट बरा, आणि आठवण राहते ती सगळ्यात वाईट क्षणाची आणि शेवटाची.

मॅडमना विचारलं, क्रम बदलला तर वैद्यकीय दृष्टीने चालेल का? त्या म्हणाल्या वाकवायचा व्यायाम मधे घ्या, तोवर स्नायू मोकळे झालेले असतात, शेवटी पाय उंच ठेवून घोटा वर-खाली, सुजेलाही चांगलं. मग मी त्यांना माझी शंका सांगितली, आपण पेशंटच्या आठवणीशी खेळतोय का? त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाल्या, व्यायाम तेवढेच आहेत, कळ तेवढीच आहे, लपवलं काहीच नाही, आणि हे त्यांना सांगायला तुला लाज वाटेल का? नाही वाटणार. मग सांगूनच टाकू म्हणाल्या. आता शेवटच्या व्यायामावर ओळ आहे, "हा सोपा व्यायाम मुद्दाम शेवटी ठेवलाय, पाय सैल होऊ द्या."

शीटमधल्या माझ्या कॉलमला यापुढे हाच प्रश्न लावणार, हे पेशंटला तोंडावर सांगता येईल का. माळेचं सांगता आलं नसतं.

१७ मार्च

दुसऱ्या पायलटचा ग्राफ. "केला" ची रेघ खाली आली आहे आणि मेलमध्ये विचारणा झाली. मी टाइमस्टॅम्प लावून उत्तर दिलं, नऊ सेकंदवाल्या टिका जवळपास गेल्यात, उरलेल्या टिकांना व्यायामाला लागतो तेवढा वेळ लागलेला दिसतो. अजून उत्तर नाही.

पण मला जास्त काळजी जे या ग्राफमध्ये नाहीतच त्यांची. दुसऱ्या महायुद्धात अब्राहम वाल्ड यांनी विमानांच्या नुकसानीचा हिशोब मांडला होता, त्यात हाच मुद्दा होता, आपल्याला परत आलेली विमानंच तपासायला मिळतात, जी आली नाहीत त्यांच्यावरची गोळ्यांची भोकं कोणी मोजलेली नसतात. आम्ही अभिप्राय घेतो तो ॲप उघडणाऱ्यांकडून. म्हणून आज ॲप सोडलेल्यांना फोन केले.

एक काका म्हणाले बरा झालाय गुडघा, चालतोय मी, सोडलं. उत्तम. दुसऱ्या एका आजी मात्र व्यायाम करतच होत्या, रोज, कागद बघून. ॲप का सोडलं? सोडलं नाही हो, फोन मुलाचा आहे, तो सकाळी कामाला जाताना घेऊन जातो. म्हणजे रोज रिमाइंडर वाजत होता तो मुलाच्या ऑफिसात.

यासाठी शीटमध्ये काही नाव नाही, आणि शोधायचंही नाही. आजींचं कुठे काही चुकलं नव्हतं. फोन त्यांचा आहे का हे आम्ही कधी विचारलंच नव्हतं. सुरुवातीला एक प्रश्न वाढवतेय, "हा फोन दिवसभर तुमच्याजवळ असतो का?" आणि नाही म्हटलं तर त्याच चित्रांचा छापील कागद, मोठ्या आकड्यांसह, मॅडमच्या प्रिंटरवरून.

२३ मार्च

दुपारी मॅडमचा मेसेज. फेब्रुवारीतल्या त्या मावशींनी काल आणि आज "आज दुखतंय" दाबलं, काल ६, आज ७. मॅडमनी लगेच फोन करून वाकवायचा व्यायाम दोन दिवस बंद केला, बाकीचे दहावर आणले, परवा बोलावलंय. मावशींनी फोनवर विचारलं म्हणे, दोन दिवस लागोपाठ दाबलं तर चालतं ना?

हे उत्तर त्यांना फोन न करता मिळायला हवं होतं. बटण दाबल्यावर सध्या नुसतं "नोंद झाली" येतं. ते बदलून "मॅडमना कळवलं. दुखत असेल तितके दिवस हेच दाबा." असं करतेय. मोठ्या अक्षरांच्या सेटिंगवर दुसरी ओळ कापली जातेय, शेवटचे दोन शब्द दिसत नाहीत. डेव्हलपरला सांगितलंय, उद्या सकाळी आधी तेच.